कोरडा चेहरा : तेल कीं पाणी?

थंडींत चेहऱ्याची कातडी ओढल्यासारखी होते, पापुद्रे सुटतात, आणि हात सहजच तेलाकडे वळतो. हा उपाय फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गेलेन यानें मेण, ऑलिव्हचें तेल व गुलाबपाणी घोटून एक लेप सिद्ध केला, असें मानतात. त्यांतील पाणी उडून जातांना गारवा वाटे, म्हणून पुढें त्यास ‘कोल्ड क्रीम’ हें नांव पडलें. तेलानेंच त्वचा मऊ होते, ही समजूत मात्र शतकानुशतकें टिकली.

१९५२ सालीं अमेरिकेंतील संशोधक इर्व्हिन ब्लँक यांनीं ती पारखून पाहिली. घट्ट्याची वाळलेली कातडी तेलांत ठेविली, तरी ती कडकच राहिली. पाणी मिळतांच मऊ झाली. म्हणजे मार्दव येतें तें पाण्यामुळें. तेल तें पाणी उडूं देत नाहीं, एवढेंच. कढत पाणी व अतिरिक्त साबण त्वचेचा मूळचा स्निग्धांश धुऊन नेतात, आणि भेगाळलेली त्वचा रोगास वाट देते. यास्तव तोंड कोमट पाण्यानें धुवावें, हलकेंच टिपावें, आणि त्वचा ओलसर आहे तोंच स्निग्ध लेप लावावा.