ईमेलची ओळखपरेड

एसपीएफ पास. डीकेआयएम पास. डीमार्क फेल. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की हे तीन निकाल एकाखाली एक दिसतात आणि मेल सर्व्हर सांभाळणारा माणूस चक्रावतो. डीमार्कचा निकाल तर आधीच्या दोघांच्याच आधारावर लागतो. मग दोघे पास आणि तिसरा नापास, हे कसं?

तिघेही विचारतात एकच, पाठवणारा कोण? पण प्रत्येकाचा 'पाठवणारा' वेगळा आहे. ही फूट कुठे पडली ते पाहायला १९८२पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये दोन दस्तऐवज आले. जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी ८२१मध्ये एका यंत्राने दुसऱ्याकडे मेल कसा सोपवायचा ते ठरलं. डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२मध्ये मेलच्या आतली मांडणी ठरली. यंत्रांचं बोलणं अगदी मोजकं. पाठवणारं यंत्र 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगतं, 'मेल फ्रॉम' म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता देतं, 'आरसीपीटी टू' म्हणून घेणाऱ्याचा. दर वेळी समोरून २५० हा आकडा येतो, म्हणजे ठीक आहे. मग 'डेटा', त्यामागून सगळा मजकूर आणि शेवटच्या ओळीत एकटं टिंब. गंमत अशी की त्या मजकुराच्या माथ्यावर आणखी एक 'फ्रॉम' असतो. पहिला पत्ता पाकिटावरचा, दुसरा लेटरहेडवरचा. मेल पोचला नाही तर तो पाकिटावरच्या पत्त्यावर परत जातो. वाचणाऱ्याला मात्र लेटरहेड दिसतं. दोन्ही पत्ते एकच असावेत अशी अट नव्हती आणि ते खरे आहेत का हे कुणी विचारत नव्हतं.

पोस्टेल भाबडे होते असं मुळीच नाही. नको असलेले संदेश निवडून नाकारण्याची सोय यंत्रांकडे नाही, हे त्यांनी नोव्हेंबर १९७५मध्येच आरएफसी ७०६मध्ये लिहून ठेवलं होतं. पण त्या काळी मेल मजल दरमजल करत जायचा. दुसऱ्याच्या नावाचा मेल पुढे सरकवणं हा यंत्रांचा शेजारधर्म होता, आणि पत्ता तपासायचा म्हटलं तर तोच मोडला असता. नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी या शेजारधर्माचाच धंदा केला.

पहिला पहारा बसला तो पाकिटावर. आपल्या डोमेनच्या वतीने कोणती यंत्रं मेल पाठवतील ते डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावनोंदवहीत, जाहीर करावं, ही कल्पना पॉल विक्सी यांनी २००२मध्ये मांडली. हाडमुट डॅनिश आणि गॉर्डन फेसिक यांनी तिचे दोन आराखडे केले. मेंग वेंग वाँग यांनी २००३मध्ये ते एकत्र करून एसपीएफ घडवलं. मायक्रोसॉफ्टला लेटरहेड तपासायचं होतं. दोन्हींची सांगड घालायला बसलेला मारिड हा कार्यगट पेटंटच्या आणि तांत्रिक वादात अडकला आणि सप्टेंबर २००४मध्ये गुंडाळला गेला. एसपीएफ २००६मध्ये आरएफसी ४४०८ म्हणून आलं, ते पाकिटापुरतंच.

त्याच्या आजच्या तक्रारीही तिथूनच येतात. मेल फॉरवर्ड झाला की पाकीट जुनंच राहतं, पण यंत्र नवं असतं. यादीत नाव नाही म्हणून एसपीएफ फेल. एका तपासणीत डीएनएसला दहाच्या वर फेऱ्या मारायला लागल्या तर 'परमएरर'. पगाराची सेवा, जाहिरातीची सेवा, तक्रार नोंदवण्याची सेवा, अशा एकेकीची यादी आपल्या नोंदीत ओढणारे 'इन्क्लूड' जोडत गेलं की दहाची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. एका डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी असल्या तरी तोच परमएरर.

दुसरी शाखा सह्यांची. याहूत मार्क डेलनी यांनी डोमेनकीज तयार केलं, सिस्कोत तशाच धर्तीची दुसरी पद्धत निघाली. दोन्ही मिळून मे २००७मध्ये डीकेआयएम आलं, आरएफसी ४८७१. इथे पाठवणारं डोमेन मजकुरावर आणि निवडक हेडरांवर डिजिटल सही करतं. सही ताडायची किल्ली डीएनएसमध्ये असते. फॉरवर्ड झाल्याने ही सही मोडत नाही, पण वाटेत कुणी तळटीप चिकटवली की मोडते. किल्ली आखूड ठेवली तर काय होतं, ते २०१२मध्ये झॅकरी हॅरिस या गणितज्ञाने दाखवलं. गूगलच्या नोकरभरतीचा मेल आला, त्यावरची किल्ली फक्त ५१२ बिटांची होती. त्याला वाटलं, ही आपली परीक्षाच असणार. त्याने ती फोडली आणि सर्गेई ब्रिन यांच्या नावाने लॅरी पेज यांना मेल धाडला. उत्तर आलं नाही. दोन दिवसांत किल्ली मात्र २०४८ बिटांची झाली.

एवढं होऊनही लेटरहेड मोकळंच होतं. पाकीट एका डोमेनचं, सही दुसऱ्याची, वाचणाऱ्याला दिसणारं नाव तिसऱ्याचंच, तरी दोन्ही निकाल पास. ही फट बुजवायला गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपाल आदींनी जानेवारी २०१२मध्ये डीमार्क जाहीर केलं. ते आरएफसी ७४८९ झालं मार्च २०१५मध्ये. त्याची अट सरळ आहे: पाकीट किंवा सही, निदान एकाचं डोमेन लेटरहेडशी जुळलंच पाहिजे.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर या अटीत आहे. एखादी पतसंस्था सभासदांना मेल पाठवायला बाहेरची सेवा घेते. सेवा पाकिटावर स्वतःचं डोमेन घालते, सहीही स्वतःची करते. दोन्ही खरे, म्हणून पास. पतसंस्थेच्या नावाशी एकही जुळत नाही, म्हणून डीमार्क फेल. अशा वेळी बहुतेक जण घाईघाईने आपल्या एसपीएफमध्ये त्या सेवेचा 'इन्क्लूड' घालतात. त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण तपासलं जातं ते पाकिटावरचं डोमेन आणि ते सेवेचं आहे. सेवेने दिलेल्या सीनेम नोंदी आपल्या डीएनएसमध्ये घालून सही आपल्या डोमेनची करून घेतली की काम होतं.

फेब्रुवारी २०२४पासून जीमेलने रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टही त्याच वाटेने गेलं. नापास मेलचं काय करायचं ते डोमेनचा मालक डीमार्कमध्ये धोरण म्हणून सांगतो. सक्तीला घाबरून एकदम 'रिजेक्ट', म्हणजे सरळ नाकारा, हे धोरण लावण्याचा मोह होतो. एप्रिल २०१४मध्ये याहूने ते केलं आणि जगभरच्या मेलिंग लिस्ट कोलमडल्या: याहूच्या सभासदाचा मेल लिस्टवरून फिरला की इतरांचे सर्व्हर तो परत पाठवत, आणि परत आलेल्या मेलांच्या हिशेबात भलत्याच सभासदांची नावं कटत. म्हणून आधी 'नन', म्हणजे काहीच करू नका, हे धोरण ठेवून मेल घेणाऱ्यांकडून अहवाल मागवावेत. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतं ते त्यांत दिसतं, वेबसाइटवरचा विसरलेला फॉर्म आणि स्कॅन मेल करणारा प्रिंटरसुद्धा. त्यांची सोय लागली की मग 'क्वारंटाइन', म्हणजे संशयित म्हणून बाजूला ठेवा, आणि 'रिजेक्ट' सगळ्यात शेवटी.