कवचाआडचा जंतू

कवच शाबूत आणि स्वच्छ असले म्हणजे अंडे आतून निर्दोष असते, हा समज स्वयंपाकघरात होता तसाच तो कायद्यातही होता. कोंबडीची विष्ठा कवचाला लागते आणि एखाद्या तड्यातून साल्मोनेला जंतू आत शिरतो, असे निदान झालेले होते. अमेरिकेने १९७० साली कायदा करून तडकलेल्या अंड्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि कारखान्यांत फोडलेली अंडी उष्णतेने जंतुरहित करणे सक्तीचे केले. प्रकरण मिटले, असे वाटण्यास त्यानंतर पुरेसा आधार होता.

ते मिटले नव्हते. १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत त्या देशाच्या ईशान्येकडील राज्यांत साल्मोनेलाच्या एन्टेरायटिडिस या प्रकाराचे रुग्ण सहापटींहून अधिक वाढले. जंतू मुळीच नवा नव्हता. १८८८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट गेर्टनर यांनी तो एका आजारी गाईच्या मांसात आणि ते मांस खाऊन मृत्यू पावलेल्या माणसाच्या शरीरात शोधून काढला होता. पण गेर्टनर यांना निदान गाय तरी ठाऊक होती. येथे रुग्ण निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या पंगतींना जेवलेले. संशय घ्यावा तो कोणावर?

अशा वेळी रोगाचा माग काढणारे एक साधा प्रश्न पुनःपुन्हा विचारतात. आजारी पडलेल्यांनी असे काय खाल्ले, जे त्याच पंगतीतील धडधाकट माणसांनी खाल्ले नाही? जानेवारी १९८५ ते मे १९८७ या काळात तेथे ६५ उद्रेकांची नोंद झाली. त्यांपैकी ३५ उद्रेकांत दोषी पदार्थ सापडला, आणि २७ ठिकाणी तो अंड्यांचा निघाला. ही अंडी तडकलेली नव्हती, मळकी नव्हती. पहिल्या प्रतीची म्हणून विकली गेलेली होती.

जुलै १९८७ मध्ये न्यू यॉर्कमधील दीर्घकालीन रुग्णांच्या एका रुग्णालयात ९६५ पैकी ४०४ रुग्णांना पोटाच्या विकाराने गाठले. नऊजण दगावले. तेथल्याच मुदपाकखान्यात कच्च्या अंड्यांचे मेयोनीज करून ते सॅलडात घातले होते. आचाऱ्यावर ठपका ठेवून मोकळे होणे सोपे होते, आणि एरवी बहुधा तसेच होते. परंतु तपास करणारे अंडी पुरवणाऱ्या कुक्कुटशाळेपर्यंत गेले. तोच जंतू तेथील कोंबड्यांच्या अंडाशयांत मिळाला.

म्हणजे कवच बनण्यापूर्वीच जंतू आत जाऊन बसला होता! अशी कोंबडी आजारी दिसत नाही आणि तिचे प्रत्येक अंडे दूषितही नसते. अमेरिकेतील पुढच्या एका अंदाजानुसार वीस हजार अंड्यांत असे एखादेच. परंतु मोठ्या पातेल्यात शेकडो अंडी एकत्र फोडली की एकाचा दोष सर्वांत उतरतो, आणि ते मिश्रण उबेत राहिले की जंतू भराभर वाढतात. म्हणून एकेक अंडे तपासत बसणे व्यर्थ. तपासावयाची ती खुराड्यातील विष्ठा आणि धूळ.

येथे एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली पाहिजे. केवळ कोंबड्यांनाच पीडणारे साल्मोनेलाचे दोन प्रकार पूर्वी पुष्कळ होते. अमेरिकेत १९३५ पासूनच्या राष्ट्रीय योजनेखाली रक्ततपासणीने त्यांपैकी पिलांना मारणाऱ्या प्रकाराचा बंदोबस्त सुरू झाला, आणि पुढे दोन्ही जवळजवळ नाहीसे झाले. त्यांची रिकामी झालेली जागा एन्टेरायटिडिसने बळकावली, असे काही शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. मला ते पटण्याजोगे वाटते.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न राजकारणात शिरला. डिसेंबर १९८८ मध्ये कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतेक अंडी-उत्पादनास लागण झाल्याचे सांगितले. विधान अतिशयोक्त होते, भय निराधार नव्हते. अंड्यांचा खप कोसळला, उत्पादक खवळले, आणि पंधरवड्याच्या आतच बाईंना राजीनामा द्यावा लागला. १९९८ पासून तेथे सिंहमुद्रेच्या योजनेतील कोंबड्यांना लस टोचण्यात येऊ लागली आणि रुग्णसंख्या झपाट्याने घटली. २०१७ मध्ये सरकारी अन्नसंस्थेने त्या मुद्रेची अर्धकच्ची अंडी गर्भवती स्त्रिया, बालके आणि वृद्ध यांनाही खाण्यास मोकळी केली.