महत्तराचा म्हातारा

'म्हातारा' या शब्दात वयाचा उल्लेख मुळात कुठेच नाही. 'महत्'ला 'तर' हा तुलनेचा प्रत्यय लागून 'महत्तर' झाला. अर्थ एवढाच, की अधिक मोठा. 'सप्त'चे 'सत्त' आणि मग 'सात' होते, त्याच वाटेने 'महत्त'चे 'म्हात' झाले असावे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत, दानाची वार्ता ज्यांना कळवायची त्यांची एक ठरीव माळ येते: राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट, आयुक्तक, नियुक्तक, आणि शेवटी महत्तर. महत्तर म्हणजे गावातले मानकरी. त्यांना ठाऊक असल्याखेरीज दिलेली जमीन खऱ्या अर्थाने दिली गेली असे होत नसावे. रायगड-ठाण्याकडचे 'म्हात्रे' हे आडनाव त्याच पदाची खूण दिसते.

फारसीत याचा जुळा वाटावा असा शब्द आहे. 'मिह' म्हणजे मोठा, 'मिहतर' अधिक मोठा. चित्रालचे राजे स्वतःला 'मेहतर' म्हणवीत. तोच शब्द घोड्यांची निगा राखणाऱ्यालाही लागला आणि आपल्याकडे झाडलोट करणाऱ्यांना. 'बुजुर्ग'ची चाल थोडी निराळी. त्याचाही मूळ अर्थ मोठा, म्हणून तर गावाच्या नावापुढे तो 'बुद्रुक' होऊन बसला आणि धाकट्या वस्तीला 'खुर्द' मिळाले. पण माणसाला लागला तेव्हा त्याने वयाबरोबर आदरही सांभाळला. 'म्हातारा'ने वय ठेवले आणि अधिकार सोडला.

स्त्रीलिंगी 'महत्तरा' मात्र जैन परंपरेत टिकली. तिथे ती साध्वींच्या प्रमुखपदाची पदवी. आठव्या शतकातले मोठे पंडित हरिभद्रसूरी स्वतःची ओळख 'याकिनीमहत्तरासूनु' अशी देतात. परंपरा सांगते ती कथा अशी: ज्याचे बोलणे आपल्याला कळणार नाही त्याचे शिष्यत्व पत्करायचे, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. याकिनी पाठ म्हणत होत्या, तो त्यांना उलगडेना. याकिनींनी त्यांना आचार्यांकडे पाठवले. दीक्षा आचार्यांची, पण पुत्रत्व महत्तरेचे. 'सूनु' या एका शब्दात हरिभद्रांनी जी कृतज्ञता ओतली आहे, तिच्यापुढे मोठमोठ्या प्रशस्ती फिक्या वाटतात.

उतारवयात कुणी मठाची, दिंडीची, संस्थेची धुरा घेतली की 'आता या वयात कशाला?' असे आपण सहज म्हणतो. आपल्या म्हणीनेही 'साठी बुद्धी नाठी' ठरवून टाकले आहे. ('नाठी' म्हणजे 'नष्ट', 'नट्ठ'च्या मार्गाने आलेली.) जैनांच्या स्थानांगसूत्राने मात्र नेमके साठीलाच माणसाला 'स्थविर' म्हटले. तिथे स्थविर तीन: एक वयाने, एक श्रुताने, एक दीक्षेच्या वर्षांनी. या शब्दाची पारंपरिक फोड मला फार आवडते: संयमात डळमळणाऱ्याला जो स्थिर करतो तो स्थविर. व्याकरण ती पुरती मान्य करणार नाही. ऋग्वेदात इंद्राला 'स्थविर' म्हटले आहे ते बळकट, भक्कम या अर्थाने. म्हातारपण नंतर चिकटले असावे. पण उशिरा आलेल्या नेतृत्वाचे प्रयोजन या फोडीत नेमके सापडते. 'नेता' 'नी' धातूतला, तो नेतो. 'पुढारी' पुढे असतो. स्थविराचे काम जागचे न हलण्याचे, म्हणजे दुसऱ्याला हात टेकायला जागा राहते. ही साधनाच आहे, असे मला मनापासून वाटते.

पालीत 'स्थविर'चा 'थेर' झाला, स्त्रीलिंगी 'थेरी'. भाजे लेण्यांतल्या 14 स्तूपांच्या पुंजात काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. पण या शब्दाला देह मिळाला तो महाप्रजापती गौतमीच्या रूपाने. बुद्धाची मावशी, तिनेच त्याला वाढवलेले. पती शुद्धोदन गेल्यावर तिने बुद्धाकडे प्रव्रज्या मागितली. मुलगा घर सोडून गेला तेव्हा 29 वर्षांचा, बोधी झाली तेव्हा 35. त्यावरून तिच्या वयाचा अदमास बांधता येतो. तीनदा नकार आला. मग केस कापून, काषाय नेसून, शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन ती कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत चालत गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, दाराबाहेर रडत उभी. बुद्धाचा शिष्य आनंद याने तिथे तिला पाहिले आणि तिच्यासाठी शब्द टाकला. भिक्षुणीसंघ सुरू झाला तो तिच्यापासून. पुढे बुद्धाने तिला भिक्षुणींमधली अग्र 'रत्तञ्ञू' म्हटले. 'रत्ति' म्हणजे रात्र, 'ञ्ञू' म्हणजे 'ज्ञ': रात्री जाणणारी, बहुत रात्री पाहिलेली. दिवस मोजले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे.

तोच 'थेर' मराठीत 'थेरडा' झालेला दिसतो. 'हे काय थेर!' यातला 'थेर'ही त्याचाच नातलग असेल, वयाला न शोभणारे चाळे या अर्थाने. पण इथे मी हात आखडता घेतो. 'डा'वर मात्र सगळा तुच्छतेचा दोष ढकलणे अन्यायाचे होईल. अपभ्रंशात हा प्रत्यय व्याकरणकार हेमचंद्राने अर्थ न बदलणारा म्हणून नोंदवला आहे. हृदयाचा 'हिअडा' होतो तो लाडाने. आपल्या 'बापडा'त अजून कणव शिल्लक आहे. तेव्हा 'थेरडा'ही कधीकाळी मायेनेच उच्चारला जात असावा. कुणाच्या बोलीत तो आजही तसा ऐकू येत असेल, तर ती नोंद मला फार मोलाची वाटेल.