टिचकीमागचा हात

संगणकावर आपण दिवसभर टिचक्या मारत असतो. खिडकी उघड, बटण दाब, 'ओके' म्हण, खिडकी बंद कर. आपल्या घरातली तरुण मंडळी मात्र दोन-चार ओळींची आज्ञावली लिहून हेच काम संगणकाकडूनच करून घेतात. माऊसला कुणाचा हात लागत नाही, तरी बटण दाबलं जातं! इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे माझा प्रश्न नेहमीचाच: ही युक्ती आली कुठून? मागे मागे जात राहिलो आणि पोचलो ते ज्यांना पडद्यावरचं बटण दिसतच नव्हतं अशा माणसांपाशी.

सुरुवात मात्र एका माकडापासून आहे.

१९८३ साली अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीत मॅकिंटॉश संगणकाची तयारी चालली होती. त्याची मेमरी अवघी १२८ किलोबाइट. ती भरत आली की प्रोग्रॅम कुठे अडखळेल याचा नेम नसे. स्टीव्ह कॅप्स या प्रोग्रॅमरने तपासणीसाठी 'मंकी' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो पडद्यावर वाटेल तिथे टिचक्या मारायचा, वाटेल त्या कळा दाबायचा, चिडलेल्या माकडासारखा. गंमत म्हणजे हिंडता हिंडता हे माकड 'बंद करा' ही आज्ञाही देऊन बसायचं, आणि तपासणी तिथेच संपायची! मग बिल अ‍ॅटकिन्सनने एक खूण ठेवायची कल्पना काढली. माकड चालू आहे हे त्या खुणेवरून कळलं, की प्रोग्रॅम बंद होण्याची आज्ञा मानत नसे.

पुढची पायरी पाठांतराची. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर 'रेकॉर्डर' मिळायचा. आपण मारलेल्या टिचक्या तो लक्षात ठेवी आणि पुन्हा तशाच मारून दाखवी. पण त्याला बटण माहीत नव्हतं, जागा तेवढी माहीत होती. डावीकडून इतकं, वरून इतकं. आतली मांडणी बदलली की टिचकी भलतीकडेच! वर्गावर आलेल्या बदली शिक्षकासारखंच हे. मुलांना नावाने न ओळखता 'दुसऱ्या बाकावरचा तिसरा' असं ओळखायचं, आणि मुलांनी जागा बदलल्या की बोलणी भलत्याच पोराने खायची. विंडोज ९५ मध्ये हा रेकॉर्डर वगळला गेला.

मग बटणाला नावाने हाक मारायची सोय कशी झाली?

त्यासाठी अंध वापरकर्त्यांकडे वळायला हवं. जुन्या डॉसच्या पडद्यावर नुसती अक्षरं असत, ८० रकाने आणि २५ ओळी. ती अक्षरं संगणकाच्या मेमरीत अक्षरं म्हणूनच असल्यामुळे मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम करता येत. त्यातला 'जॉज' हा १९८९ चा. तो घडवणारे टेड हेंटर पूर्वी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरत. १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली होती.

पण मग खिडक्या आणि चित्रं आली. आपल्याला काम सोपं झालं, अंधांसमोरचा रस्ता मात्र बंद झाला. कारण पडद्यावर आता अक्षर नव्हतं, ठिपके होते. वाचक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी नाना खटपटी केल्या. पडद्यावर काय रेखाटलं जातंय ते वाटेतच टिपून घ्यायचं आणि त्याची स्वतंत्र वही ठेवायची, असला तो व्याप. अखेर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक ठरीव पद्धत आणली. प्रत्येक बटणाने विचारल्यावर सांगायचं: माझं नाव काय, मी कोण, माझी स्थिती काय. आणि सांगितलं तर स्वतःला दाबूनही घ्यायचं.

मॅककडची वाट जरा वेगळी. तिथे १९९३ मध्ये 'अ‍ॅपलस्क्रिप्ट' आली होती. तिच्यात प्रोग्रॅमला थेट आज्ञा द्यायची, बटणाची भानगडच नाही. पण त्यासाठी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आज्ञांचा कोश पुरवायला हवा, आणि पुष्कळांनी तो कधी पुरवलाच नाही. शेवटी २००३ च्या पँथर आवृत्तीपर्यंत 'पहिल्या खिडकीतलं ओके नावाचं बटण दाब' असं लिहायची सोय झाली. ती चालावी म्हणून कोणती खूण करावी लागे ठाऊक आहे? 'सहायक साधनांना प्रवेश द्या'! म्हणजे अंध-अपंगांसाठी केलेल्या दारातूनच ही आज्ञावली आत शिरली. त्या दारातून लबाडही शिरू शकतो, म्हणून २०१३ पासून मॅक प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी परवानगी मागतो.

जिन्याशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा आणि पुढे सगळ्या गावाचं सामान त्यावरून जावं, तसंच हे झालं. त्यात वाईट काही नाही. उलट सामान नेणाऱ्यांमुळे उताराची डागडुजीही होत राहते.

आता काळजीचं एक कारण आहे. २०२४ पासून पडद्याचं चित्र पाहून टिचकी मारणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. तिला नावाची गरज असतेच असं नाही, ती जागा बघून दाबू शकते. उद्या सामान दुसऱ्या वाटेने जाऊ लागलं तर उताराकडे कोण बघणार? नाव न दिलेल्या बटणावर वाचक प्रोग्रॅम आजही नुसतं 'बटण' एवढंच म्हणतो. पुढचंही 'बटण', त्याच्या पुढचंही 'बटण'. ऐकणाऱ्याने त्यातलं कुठलं दाबायचं?

तेव्हा आपल्यातले जे कुणी प्रोग्रॅम लिहितात, त्यांना एवढंच सांगणं: बाळांनो, प्रत्येक बटणाचं बारसं करा. पडद्यावर दिसत असलं तरी करा.