परग्रहावर जीव सापडला तर? धर्म, निधर्मी विचार आणि धम्म

सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये तरुणांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: पृथ्वीबाहेर जीव सापडला तर सगळे धर्म खोटे ठरतील का? आणि मग धम्माचे काय? मोबाईलवर दर दोन-तीन महिन्यांनी 'एलियन सापडले'चा व्हिडिओ फिरतो आणि चर्चा सुरू होते. काही जण म्हणतात, देव संपला. काही म्हणतात, आमच्या ग्रंथात हे आधीच लिहिले आहे. ही दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: अशा शोधाने कोणतीही विचारसरणी आपोआप कोसळणार नाही. माणसे नवी बातमी आपल्या जुन्या चौकटीत बसवून घेतात. म्हणून बातमी येण्याआधी आपली चौकट कोणती आहे, हे तपासणे जास्त गरजेचे आहे.

आजवर काय सापडले आहे?

पृथ्वीबाहेर जीव असल्याचा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. मात्र शोधाची जागा खूप वाढली आहे. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी शोधला. २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा बाह्यग्रहांची नोंद ६००० च्या पुढे गेली.

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने के२-१८बी या सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहाबद्दल दावा केला. पृथ्वीवर समुद्रातले सूक्ष्मजीव जो वायू तयार करतात, त्याच्या खुणा तिथल्या वातावरणात दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते. इतर गटांनी तीच निरीक्षणे तपासून शंका उपस्थित केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नासा'च्या पर्सिव्हिरन्स गाडीला मंगळावरच्या एका खडकात सापडलेल्या खुणांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्या खुणा जीवामुळे उमटलेल्या असू शकतात, पण जीवाशिवायही उमटू शकतात, असे त्यात मांडले आहे.

म्हणजे पहिली बातमी आली तर ती हिरव्या माणसांची असण्याची शक्यता कमी. ती बहुधा जिवाणूची, एखाद्या वायूची किंवा खडकावरच्या डागाची असेल. शिवाय ती एका दिवसात सिद्ध होणार नाही, वर्षानुवर्षे वाद चालेल.

हैदराबादचा फुगा आणि नारळीकर

या शोधाचा एक धागा आपल्या अगदी जवळून जातो. कोल्हापुरात जन्मलेले, पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि हॉईल यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांनी एक कल्पना मांडली होती: जीवाची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत. कल्पना वादग्रस्त होती. पण तिच्यावर नुसता वाद घालण्यापेक्षा ती तपासता येईल का, असा विचार आपल्या देशात झाला.

२००१ साली आणि पुन्हा २००५ साली 'इस्रो'च्या मदतीने हैदराबादच्या राष्ट्रीय बलून केंद्रातून मोठे फुगे सोडण्यात आले. नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. प्रा. यू. आर. राव आणि डॉ. पी. एम. भार्गव मार्गदर्शक होते. दुसऱ्या फुग्याखाली ४५९ किलोचा संच होता. त्यातल्या निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेतले. नमुन्यांची तपासणी हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे झाली. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांपैकी तीन जिवाणू जाती तोवर कुणालाच माहीत नव्हत्या. मार्च २००९ मध्ये हे जाहीर झाले आणि त्यांना हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली.

पुढचा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. या तीन जातींवर अतिनील किरणांचा परिणाम जवळच्या जातींपेक्षा कमी होतो, असे दिसले होते. तरीही 'इस्रो'ने स्पष्ट सांगितले, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटांचे नाव दिलेली जात पृथ्वीवरच्या मातीतही सापडली. आवडत्या कल्पनेच्या बाजूने मोठी बातमी करता आली असती. ती केली गेली नाही. आपल्याला हवे ते उत्तर असले तरी पुरावा जिथवर नेतो तिथेच थांबायचे, ही शिस्त यातून शिकण्यासारखी आहे.

धर्म काय म्हणतील?

ख्रिस्ती धर्मासमोरचा प्रश्न सर्वांत थेट आहे. मुक्ती येशूच्या बलिदानातून मिळते, तर दुसऱ्या ग्रहावरच्या जीवांचे काय? १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलेल्या जिओर्दानो ब्रुनोवरच्या अनेक आरोपांपैकी एक 'अनेक जगे आहेत' या मताचा होता. पण २००८ साली व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख होझे फुनेस यांनी परग्रहावरच्या जीवावर विश्वास ठेवणे श्रद्धेच्या विरोधात नाही, असे मुलाखतीत सांगितले. चारशे वर्षांत चौकट बदलली, पण मोडली नाही.

इस्लाममध्ये ईश्वराला 'सर्व जगांचा पालनकर्ता' म्हटले जाते. त्याचा आधार घेऊन काही अभ्यासक इतर जगांतल्या जीवांना जागा देतात. हिंदू पुराणांत अनेक ब्रह्मांडे आणि लोक आहेत, जैन विश्वरचनेतही अनेक लोक आहेत. म्हणजे 'परग्रहावर जीव' या कल्पनेला सामावून घेणे बहुतेक धर्मांना जमेल.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. विश्व कुणीतरी माणसासाठीच घडवले आणि त्या रचनेतच कुणाचे स्थान वर, कुणाचे खाली ठरले, असा दावा करणाऱ्या विचाराला उत्तर द्यावे लागेल. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या अवयवांतून चार वर्ण निघाल्याचे सांगितले आहे. ज्या विश्वात जीव अनेक ठिकाणी आपापल्या कारणांनी निर्माण होतो, तिथे पृथ्वीच्या एका कोपऱ्यातली जन्मावर आधारलेली उतरंड ही विश्वाची व्यवस्था कशी असेल? ती माणसांनी केलेली व्यवस्था आहे आणि माणसांनाच मोडता येते. अर्थात हे समजायला परग्रहाची गरज नव्हती. बाबासाहेबांनी ते इथेच सिद्ध करून दाखवले.

लोकांना विचारले तेव्हा

हा प्रश्न समाजशास्त्राच्या पद्धतीनेही तपासला गेला आहे. अमेरिकेतले धर्मशास्त्राचे अभ्यासक टेड पीटर्स यांनी २००८ च्या सुमारास १३०० हून अधिक लोकांना विचारले, की परग्रहावर बुद्धिमान जीव सापडला तर तुमच्या श्रद्धेवर संकट येईल का? त्यांत वेगवेगळ्या धर्मांचे, बौद्ध आणि कोणताही धर्म न मानणारे लोकही होते. बहुतेक धार्मिक लोक म्हणाले, आमच्या श्रद्धेला धक्का बसणार नाही. धर्म कोसळतील असे भाकीत जास्त करून धर्म न मानणाऱ्यांनी केले. 'संकट दुसऱ्यावर येईल' असे मानण्याची ही सवय आपल्यातही आहे. आपले मित्र 'देव संपला' म्हणतात तेव्हा तेच घडते.

धम्माची भूमिका

तथागतांनी स्वतःला सृष्टीच्या निर्मात्याचा प्रेषित म्हटले नाही. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, या प्रश्नांना त्यांनी 'अव्याकृत' म्हणून बाजूला ठेवले. मज्झिम निकायातल्या मालुंक्यपुत्ताच्या सुत्तात विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला येतो: बाण कुणी मारला, धनुष्य कसले होते, हे कळेपर्यंत तो बाण काढू देणार नसेल तर मरून जाईल. धम्माचा विषय दुःख आणि त्याचे निवारण हा आहे. त्यामुळे मंगळावर जिवाणू सापडला म्हणून चार आर्यसत्यांतले एकही खोटे ठरत नाही, आणि सापडला नाही म्हणून ते जास्त खरेही ठरत नाही.

बाबासाहेबांनी हीच बाजू आधुनिक भाषेत मांडली. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी धर्म विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, अशी अट घातली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली: जे बुद्धिसंगत नाही आणि ज्याचा मानवाच्या कल्याणाशी संबंध नाही, ते बुद्धाचे म्हणून मान्य करू नये.

'आमच्या ग्रंथात आधीच होते'

इथेच आपल्या तरुणांनी सावध राहायचे आहे. अंगुत्तर निकायात हजार चंद्र, हजार सूर्य असलेल्या लोकधातूचे वर्णन आहे. त्याचा दाखला देऊन 'बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी परग्रह सांगितले' असे संदेश आपल्याही गटांत फिरतात. पण त्याच वर्णनात हजार मेरू पर्वत आणि हजार देवलोकही आहेत. मेरू पर्वत सोडून द्यायचा आणि सूर्य तेवढे उचलायचे, याला चिकित्सा म्हणत नाहीत. ते वर्णन प्राचीन भारतीय विश्वकल्पनेचा भाग आहे. विश्व अफाट आहे आणि आपण त्याच्या मध्यभागी नाही, ही जाणीव त्यात नक्की आहे. दुर्बिणीतले निरीक्षण त्यात नाही.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा आपण सर्वांनी टीका केली. त्या विमानांचा आधार असलेल्या ग्रंथातली यंत्रे उडू शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवले होते. जी कसोटी आपण पुष्पक विमानाला लावतो, तीच लोकधातूला लावली पाहिजे. नाहीतर आपली चिकित्सा फक्त दुसऱ्यांच्या ग्रंथापुरती उरते.

निधर्मी विचारालाही प्रश्न आहेत

धर्म न मानणाऱ्यांना वाटते, हा प्रश्न आपला नाही. पण मानवतावादाचा पाया 'माणूस विशेष आहे, कारण तो विचार करतो' असा असेल, तर आपल्याहून बुद्धिमान कुणी भेटल्यावर त्या पायाचे काय? आणि विचार न करणाऱ्या जिवाणूला काही किंमत आहे की नाही?

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणताही देश चंद्र किंवा ग्रह आपला म्हणून जाहीर करू शकत नाही, आणि तिथे हानिकारक प्रदूषण होऊ नये याची काळजी घ्यायची आहे. तरी आज 'मंगळावर वसाहत' ही भाषा सहज वापरली जाते. 'शोध आम्ही लावला, म्हणून जागा आमची' हे वाक्य पृथ्वीवर मूळनिवासींनी ऐकलेले आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर जाण्याचा हक्क महाडमध्ये झगडून सिद्ध करावा लागला, त्याने हा प्रश्न विचारायलाच हवा: जो बोलू शकत नाही त्याच्या बाजूने कोण बोलणार? मैत्री आणि करुणा माणसापुरत्या मर्यादित नाहीत, हे धम्म सांगतो. निधर्मी विचाराला धम्माकडून घेता येईल अशी ही गोष्ट आहे.

आकाशाचे ज्ञान आणि जमिनीवरचे जगणे

मोठ्या शोधाने समाज आपोआप शहाणा होतो, हे खरे नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूर गावात अपंग मुलांना बरे वाटेल या समजुतीने गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवले होते. त्याच वर्षी चांद्रयान-२ चंद्राभोवतीच्या कक्षेत पोहोचले होते. आपल्या शहरातही ग्रहणात गरोदर बाईला विळी-चाकू हाती घेऊ देत नाहीत, पोरीला मंगळ आहे म्हणून स्थळ परत जाते. ज्या मंगळावर आपण जीव शोधतो, तोच मंगळ इथे मुलीचे लग्न मोडतो.

यावर काम करण्याची पद्धतही नारळीकरांनीच दाखवली. डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के आले. नाणे उडवून उत्तर दिले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आले असते.

बातमी आली तर कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. दावा कुणी केला, तो शोधनिबंधात आला आहे का आणि दुसऱ्या गटाने तपासला आहे का, हे आधी पाहावे. तोवर संदेश पुढे पाठवू नये.

२. 'सापडला' आणि 'असू शकतो' यांतला फरक विहारातल्या चर्चेत समजावून सांगावा.

३. कोणत्याही धर्माच्या माणसाला या बातमीवरून हिणवू नये. त्याने चिकित्सा वाढत नाही, फक्त दारे बंद होतात.

४. 'बुद्धांनी आधीच सांगितले' असे म्हणण्याचा मोह टाळावा.

५. या निमित्ताने मुलांना आकाश दाखवावे. ग्रहणाच्या दिवशी योग्य चष्मे घेऊन वस्तीत निरीक्षण ठेवावे आणि गरोदर बायांनाही मानाने बोलवावे.

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे १९७६ साली संविधानात आलेल्या कलम ५१-क प्रमाणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. आपल्यासाठी ते धम्माचेही अंग आहे. दूरच्या ग्रहावर जीव असेल किंवा नसेल. आपल्या गल्लीत पत्रिकेतल्या मंगळामुळे अडलेली मुलगी मात्र आहे, आणि तिच्या घरी जाऊन बोलणे आजच शक्य आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!