रोख रकमेचा वक्फ आणि फतव्याचा कौल

घर, शेत, विहीर अशी स्थावर मालमत्ता ईश्वराच्या नावे कायमची राखून तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवावे, ही वक्फाची जुनी रीत. परंतु १५व्या शतकापासून तुर्कांच्या उस्मानी मुलखात चांदीचे अक्चे रोख स्वरूपात वक्फ करण्याची चाल पडली, आणि त्या मुद्दलाच्या नफ्यावर मशिदीची दिवाबत्ती, इमामाचे वेतन व मुलांच्या मक्तबाचा खर्च भागू लागला.

नफ्याची तजवीज मोठी चतुर होती. १००० अक्चे कर्जाऊ नेणारा इसम त्याच बैठकीत मुतवल्लीकडून, म्हणजे वक्फाच्या कारभाऱ्याकडून, एखादा कापडाचा तागा १०० अक्च्यांस वर्षाच्या उधारीने विकत घेई आणि लगोलग तो त्रयस्थाच्या हातून वक्फालाच बक्षीस करवी. तागा जागच्या जागी परते, वर्षअखेर ११०० अक्चे वसूल होत, आणि शास्त्राने निषिद्ध ठरविलेल्या व्याजाचे नावही कोणाच्या तोंडी येत नसे.

रुमेलीचा, म्हणजे उस्मानी युरोपाचा, काझी-अस्कर (वरिष्ठ न्यायाधीश) चिविझादे याने १५४० नंतरच्या दशकात या चालीविरुद्ध मनाईहुकूम मिळविला, तेव्हा अनेक धर्मादाय संस्थांचा आधारच डळमळला. १५४५ साली शेख-उल-इस्लाम या सर्वोच्च मुफ्तीच्या पदी आलेल्या अबुस्सुऊद एफेंदीने मात्र हनफी परंपरेतील इमाम जुफर याचे जुने मत पुढे करून, आणि लोकांत रूढ झालेला व्यवहार हाही शास्त्रार्थात प्रमाण आहे असे प्रतिपादून, फतव्याने रोख वक्फ वैध ठरविला. १५४८ साली सुलतान सुलेमानाच्या फर्मानाने मनाई उठली. नफ्यालाही मर्यादा पडली: दहाचे साडेअकरा, त्याहून अधिक नाही.

बिर्गीचा करारी पंडित मेहमेद एफेंदी यास हा निवाडा मान्य नव्हता. असा वक्फ मुळातच सिद्ध होत नाही, सबब ते द्रव्य वारसांचे ठरते आणि त्यावरील जकात थकते, हा त्याचा आक्षेप केवळ कर्मठपणाचा नव्हता. तथापि वक्फ वाढतच गेले. कारण फतव्याने व्यवहार जन्मास घातला नव्हता, चालू व्यवहारास त्याने शास्त्राचा आधार आणि दराची वेसण दिली होती.

वादाचे मूळ मात्र मिटले नाही. २००९ साली शारजा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, माल नावापुरता फिरवून रोकड हाती देणारा बँकांचा संघटित ‘तवर्रुक’ निषिद्ध ठरविला. १६व्या शतकात गरजेच्या बाजूने झुकलेले पारडे तेथे हेतूच्या बाजूने झुकले. तरीही तो व्यवहार अनेक बँकांत आपापल्या शरीया मंडळांच्या संमतीने चालूच आहे.