रिकाम्या होडीची चैन

भाईंदरला शिकारी राहतात असं सांगितलं की लोक हसतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून रानातली शिकार हा गुन्हा आहे, आणि आमच्याकडे रान तरी कुठे उरलंय? मिठागरं आणि भातखाचरं होती तिथे इमारती उभ्या राहिल्या, 2002 साली महानगरपालिका झाली, 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 8 लाखांवर गेली. पण भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडा आणि खारा वारा येईपर्यंत बसून राहा. उत्तन, पाली, चौक. इथली कोळी घरं पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवरच जगत आली. शिकार समुद्रातली, म्हणून आपण तिला मासेमारी म्हणतो, एवढंच.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. शेतकरी पेरतो आणि मग कापतो. कोळी पेरत नाही. जाळ्यात येईपर्यंत मासा कुणाचाच नसतो. म्हणून शिकारी घरांत असतात तसे अलिखित नियम कोळीवाड्यातही होते: कुठे जायचं, कधी थांबायचं, वाटे कसे पाडायचे, पोराला कोणत्या वयात बरोबर घ्यायचं. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. कर्जाला, विजेच्या दराला ते बरंच आहे. पण या लोकांचा खरा प्रश्न शिकाऱ्याचा आहे, आणि तो समजायचा तर आधी डोल समजून घ्यायला हवी.

डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं भलं मोठं पिशवीसारखं जाळं. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतं. ते माशाच्या मागे धावत नाही. पाण्याच्या ओढीत तोंड उघडून उभं राहतं आणि ओढीबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत शिरतात. पाणी फिरायच्या आत जाळं उचलायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जोरात आणि काम रात्रंदिवस. मधल्या अष्टमीच्या सुमाराला भांग. ओढ मंद, जाळं लुळं, मग माणसं किनाऱ्यावर बसून जाळी तुणतात. म्हणजे सुट्टी समुद्रच द्यायचा, आणि तेवढीच माशालाही मिळायची.

पूर्वी हे सगळं उभं राहायचं ते घरच्या हातांवर. जाळं सणाचं, सूत घरात काततील, जाळं घरात विणतील, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून टिकाऊ करतील. होडीला शीड, आणि वाऱ्याला पैसे पडत नाहीत. बाया वलांडीवर बोंबील वाळत घालणार आणि बाजारात विकणार. कष्ट अफाट होते, त्यात गोडवा शोधायची मला हौस नाही. पण रोख खर्च थोडा होता. म्हणून होडी रिकामी परतली तर घरात चूल मंद पेटायची, होडी मात्र कुणाकडे गहाण पडायची नाही. रिकामं परत येता येणं, ही त्या शिकाऱ्याची खरी चैन होती. संयम, वाट पाहणं, भांगाला स्वस्थ बसणं, या सगळ्या मूल्यांचा पाया तोच होता असं मला वाटतं.

मग स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत इंजिन आलं, नायलॉन आलं, बर्फ आला. एकेक गोष्ट कामाचीच. नायलॉन कुजत नाही, इंजिनाने वादळातून लवकर घरी येता येतं. कोण नाही म्हणेल? पण प्रत्येकीची किंमत रोखीत होती. आता होडी किनारा सोडते तीच डिझेल, बर्फ, शिधा आणि खलाशांची उचल एवढं कर्ज अंगावर घेऊन. मार्च 2022 मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल एका फटक्यात लिटरमागे 25 रुपयांनी महागलं होतं. तेव्हा मच्छीमार संस्थांच्या पंपांवर काय झालं असेल, कल्पना करा. डिझेलवरच्या कराचा परतावा सरकार देतं, पण आधी भरायचे आणि मग वाट पाहायची. (समुद्रावर वाट पाहणं त्या मानाने सोपं.)

याचा पहिला घाव बसला वाट्यावर. जुन्या पद्धतीत मिळकतीचे वाटे पडत. काही होडीचे, काही जाळ्याचे, बाकी माणसांचे. नुकसानही त्याच मापाने वाटलं जाई. नाखवा आणि खलाशी बहुधा एकाच गोतातले. आता बऱ्याच होड्यांवर खलाशी लांबून येतात, पालघरच्या पाड्यांतून, उत्तर प्रदेशातून, पार नेपाळमधून, आणि ठरलेल्या पगारावर येतात. त्यांची काही चूक नाही, पोटासाठीच आलेली माणसं ती. मात्र तोटा आता एकट्या नाखव्याच्या डोक्यावर बसतो. आणि नाखव्याचा मुलगा? तो मीरा रोडला कॉलेजात. बापालाच तो होडीवर नको असतो. ओढ कधी फिरते हे पाण्याच्या रंगावरून ओळखायची विद्या आता कुणाला द्यायची, याचं उत्तर त्या घरात कुणाकडे नाही.

सगळा दोष ट्रॉलर आणि पर्ससीनवर टाकणं सोयीचं आहे. ते निर्दोष नाहीतच. 2016 मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, ते उगाच नाही. पण डोलही आता जुनी राहिलेली नाही. जवळचं पाणी ओसाड झालं म्हणून वसई-उत्तनकडच्या होड्या खुंट रोवत उत्तरेला सरकल्या आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांशी त्यांचं भांडण जुंपलं. या खुंटांच्या जागांना तिकडे कव म्हणतात. कवींचा वाद वर्षानुवर्षं चाललाय. शिवाय डोलीचे आस बारीक, त्यात पापलेटची चिमुकली पिल्लंही अडकतात. 2023 मध्ये आपण ज्याला राज्यमासा केलं तोच हा पापलेट. पिल्लं सोडून द्यावीत हे प्रत्येक तांडेलाला कळतं. पण खर्च भरून काढायचा असतो, आणि कुटासुद्धा कोंबडीखाद्यासाठी विकला जातो.

पावसाळ्याचंच बघा ना. जुना हिशेब साधा होता. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचं नाही. सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. 2023 साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली 30 ऑगस्टवर. कायद्याने समुद्र 1 ऑगस्टलाच खुला. मधला अख्खा महिना समुद्र खवळलेला असू शकतो, मासा अजून वाढत असतो, आणि बँकेचा हप्ता मात्र तिथी बघत नाही.